हाकाऱ्याचा कर्णा

या दगडी झोपडीत आज एकंदर अकरा वस्तू उरल्या आहेत. एक दगडी बाक. एक विझलेली चूल. भिंतीत ठोकलेल्या दोन खुंट्या. कान तुटलेला एक कप. खिडकीच्या तीन काचा, त्यांतली एक तडकलेली. काटक्यांचे दोन गोळे, ज्यांच्यावरचे पांढरे कापड उंदरांनी केव्हाच नेले. या झाल्या दहा. अकरावा मी.

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे, पत्र्याचा. लांबी तीन फूट दोन इंच. ओठ लावायच्या टोकाला माझी रुंदी दोन इंच आहे आणि दुसऱ्या टोकाला अकरा. एके काळी माझ्या अंगभर कल्हई होती. आता तिचे बोटाच्या पेराएवढे तीन ठिपके शिल्लक आहेत, बाकी सगळा गंज. मला डोळे नाहीत. हे आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण माझी हकीकत सगळी दिसण्या-न दिसण्याची आहे, आणि तिच्यात जे जे पाहिलेले आहे ते इतरांनी पाहिलेले आहे. मी फक्त ऐकले. मला धरणाऱ्या हातांवरून आणि माझ्यातून जाणाऱ्या श्वासावरून जे कळायचे ते कळले.

माझा जन्म १८६१ साली झाला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथल्या पोर्थटेगन गावात टोबायस नावाचा पत्रेवाला होता. त्याने लाकडी शंकूवर पत्रा वाकवला, शिवणीला डाख दिला आणि ओठ कापू नयेत म्हणून कडा आत दुमडली. मग मला तोंडाला लावून तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ए, तुझा पाव करपला." बेकरीवाला दोन गल्ल्या पलीकडे होता. तो धावत भट्टीकडे गेला. टोबायसला ही गंमत इतकी आवडली की त्याने मला आणखी दोन दिवस दुकानात ठेवून घेतले आणि सगळ्या आळीला छळले.

तेव्हाच मला माझा स्वभाव कळला. मी आवाज तयार करत नाही. तोंडातून निघालेला आवाज चहूकडे सांडून जातो, तो सांडू न देता मी एका दिशेला धरून ठेवतो, एवढेच माझे काम. पाव करपला नव्हता. तरी ते वाक्य खऱ्या वाक्याइतकेच लांब गेले. खरे आणि खोटे यांत फरक करायची सोय माझ्या पत्र्यात नाही. याचे मला तेव्हा काही वाटले नाही.

तिसऱ्या दिवशी रापणीच्या, म्हणजे मोठे जाळे टाकून मासे धरणाऱ्या, मंडळींनी मला कड्यावरच्या या झोपडीत आणले. पुढच्या हंगामापासून हॅनिबल कर्नो माझा धनी झाला. हॅनिबल गावचा ह्यूअर होता.

हा शब्द तुम्ही ऐकला नसेल. सुतार, कुंभार, तांबट तसाच हाही धंद्याचा शब्द आहे. अर्थ एवढाच, की ओरडणारा, हाकाऱ्या. गावच्या शाळेचे मास्तर फिरायला निघून पावसात अडकले की आमच्याकडे येऊन बसत. ते सांगत, की जुन्या फ्रेंच बोलीत ओरडण्याला असाच शब्द होता. आठशे वर्षांपूर्वी फ्रेंच बोलणारे सरदार इंग्लंडवर राज्य करायला आले, त्यांच्या सामानात तो आला. पुढे तो कायद्यात शिरला. चोर पळताना ज्याने पाहिला त्याने ओरडलेच पाहिजे, आणि ज्याने ओरडणे ऐकले त्याने मागे धावलेच पाहिजे, असा तो कायदा होता. पाहून गप्प बसणाऱ्याला शिक्षा होई. कायद्याच्या पुस्तकातून निघून हा शब्द समुद्राच्या कड्यावर कधी येऊन बसला, ते मास्तरांनाही नक्की ठाऊक नव्हते. पण निदान तीनशे वर्षे तो इथे होता असे ते म्हणत. आणि माणसाचे नाव असे परक्यांकडून आलेले असले, तरी तो जी हाक देई ती 'हेव्वा' ही हाक आमच्या जुन्या कॉर्निश भाषेतली होती. थवा जमला, असा तिचा अर्थ. ती भाषा बोलणारी शेवटची माणसे त्याच्याही शंभर वर्षे आधी गेली होती. एवढी एक आरोळी मागे राहिली.

मास्तरांचे हे सगळे सांगून झाले की हॅनिबल म्हणे, "मास्तर, मासे कुठली भाषा बोलतात तेवढं कळलं तर सांगा. बाकीचं मी बघतो."

मासा म्हणजे पिल्चर्ड, तुमच्या तारलीची थोरली बहीण. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत त्याचे थवे किनाऱ्याला येत. होडीतल्या माणसाला थवा दिसत नाही, कारण तो पाण्याला फार जवळ असतो. दोनशे फूट उंच कड्यावरून मात्र तो दिसतो. पाण्यात कोणी तांबूस जांभळी शाल पसरावी तसा, असे हॅनिबल म्हणे. तो दिसला की हॅनिबल मला उचलून 'हेव्वा' अशी हाक देई. मग मला खाली ठेवून ते दोन पांढरे गोळे दोन हातांत घेई. खाली होडीतली माणसे पाण्याकडे पाहतच नसत. त्यांची नजर वर, त्या गोळ्यांवर. उजवा हात लांब केला की होडी बाहेर न्यायची. डावा केला की आत. दोन्ही हात डोक्यावर गेले की जाळे टाकायचे. जाळे दोनशे वाव लांब आणि बारा वाव खोल होते, आणि एक वाव म्हणजे सहा फूट. ते एकदा पडले की पुन्हा होडीत ओढून घ्यायला तीन तास लागत.

हाक ऐकली की गावातल्या बायकाही कामाला लागत. प्रत्येक घरात बेदाण्यांचा केक भट्टीत जाई. भाजण्याआधी त्यावर सुरीने जाळ्यासारख्या रेघा मारायची रीत होती. पुरुष ओलेचिंब परतेपर्यंत केक तयार.

आमची खाडी दोन गावांत वाटलेली होती, पोर्थटेगन आणि टेकाडापलीकडचे पेनडोर. एक दिवस पाळी आमची, एक दिवस त्यांची. आणि नियम असा, की जाळे पाण्यात पडले की पाळी संपली. मासे मिळोत ना मिळोत. मग दुसऱ्या गावाची होडी आत येणार. म्हणून ह्यूअरची एक चूक म्हणजे सगळ्या गावाची चूक होती.

हॅनिबल चुकत नसे. फसवणाऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या. समुद्रशेवाळ तसेच दिसते, ढगाची सावली तर हुबेहूब. त्यावर त्याचा उपाय होता. छाया दिसली की तो मला तोंडाजवळ धरून शंभर अंक मोजे. सावली वाऱ्याबरोबर सरकते. मासे आपल्या मर्जीने वळतात. शंभर अंकांत फरक स्पष्ट होतो. हे अंक तो पुटपुटे, आणि ते माझ्यातून फार हळू बाहेर पडत. बावीस वर्षांत ते मी किती वेळा ऐकले असतील याचा हिशेब लागत नाही. पण शंभर अंकांनंतर निघालेली एकही हाक फुकट गेल्याचे मला आठवत नाही.

ते माझे चांगले दिवस होते. १८७१ सालच्या एका दिवशी आमच्या जाळ्यात अकराशे चाळीस पिपे भरतील एवढे मासे आले. एका पिपात साधारण तीन हजार मासे बसतात. बायका नऊ दिवस तळघरात मासे आणि मीठ यांचे थर लावत होत्या. हॅनिबलची बायको केझाया सगळ्यांत जलद हाताची आणि सगळ्यांत तिखट तोंडाची. हे खारवलेले मासे इटलीला जात, तिथल्या लोकांना उपासाच्या दिवसांत मांस चालत नाही म्हणून. आमचे गाव प्रार्थनामंदिरात जाणारे, रोमच्या पोपला न मानणारे. केझाया म्हणे, "पोपला आम्ही मानत नाही. त्याचे उपास तेवढे मानतो."

त्या वर्षी मला राखेने घासून लख्ख केले आणि मंदिरातल्या चहापानाच्या वेळी टेबलावर मधोमध ठेवले. केझायाचा धाकटा भाऊ पास्को आमच्या होडीचा म्होरक्या होता. तो म्हणाला, "दाजींचे डोळे आणि या कर्ण्याचं तोंड. आपण काय, नुसते हात." लोक हसले. हॅनिबलचा हात माझ्यावर होता. तो अभिमानाने गरम झालेला मला जाणवला.

त्या वाक्यातला पहिला अर्धा भाग केव्हा खोटा होऊ लागला, हे मला नेमके सांगता येत नाही. खुणा सांगतो. आधी तो मला खुंटीवरून एका झटक्यात काढी. मग त्याचा हात खुंटीच्या आधी भिंतीला लागू लागला. तो थंड चहात चिंधी भिजवून डोळ्यांवर ठेवू लागला. समुद्रपक्षी पाण्यात सूर मारताना ऐकू आले की तो तिकडे तोंड वळवी, म्हणजे आता पक्ष्यांच्या भरवशावर होता. एकदा पास्को वर आला असताना हॅनिबलने दोघांसाठी चहा केला. पास्कोने एक घोट घेतला.

"दाजी, यात मीठ आहे."

"मुद्दाम घातलंय," हॅनिबल म्हणाला. "घशाला बरं." आणि त्याने आपला कप शेवटपर्यंत प्यायला.

१८८२ आणि १८८३ ही दोन्ही वर्षे कोरडी गेली. थवे आलेच नाहीत, असे हॅनिबल म्हणाला. खरेच आले नाहीत, की आले आणि दिसले नाहीत? मला माहीत नाही, आणि हे मला माहीत नाही याचा त्रास मला अजून होतो. गावातली अकरा घरे कुलूप लावून परदेशी खाणींत गेली. उरलेल्यांच्या तळघरात मीठ होते, मासे नव्हते. तिसरे वर्षही तसेच गेले तर जाळे आणि होडी दोन्ही मोडीत जाणार, आणि पोर्थटेगन रिकामे होणार, हे पास्कोने झोपडीच्या दारात उभे राहून दोनदा सांगितले. हॅनिबलने डोळ्यांबद्दल कोणालाच सांगितले नाही. ह्यूअरची जागा सोडली तर तो कोण उरणार होता?

१८८४ च्या ऑगस्टात एक थवा आमच्या पाळीच्या दिवशी खाडीच्या तोंडाशी आला. हॅनिबलने शंभर मोजले. मग पुन्हा शंभर मोजले. त्याला खात्री होईना. तेवढ्यात थवा खाडीबाहेर, टेकाडापलीकडे निघून गेला, जिथे आमची पाळी चालत नव्हती, आणि तिकडच्या ह्यूअरने हाक दिली.

पास्को धापा टाकत वर आला. "दाजी, मासे काय तुमच्या झोपडीमागून चालत गेले?"

"खात्री नव्हती."

"पेनडोरवाल्यांना कशी झाली मग? त्यांचा ह्यूअर तर एका कानानं बहिरा आहे."

"कानाचा काय संबंध?"

"तेच तर. डोळ्यांचं काम आहे ना? पोरं खाली काय म्हणतायत माहितीये? कर्नोकाका डोळे मिटून प्रार्थना करत होते म्हणे."

 पास्को गेल्यावर केझाया आली. ती दुपारच्या जेवणाची पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, घेऊन रोज येई आणि दारातच थांबे. बायकांनी झोपडीत बसायचे नाही असे कुठे लिहिलेले नव्हते, पण पाळले जाई.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "या हातात काय आहे?"

"पास्टी."

"वास येतोय म्हणून म्हणालास. दुसऱ्या हातात?"

तो पुन्हा नाकाने वास घेऊ लागला.

"काही नाहीये दुसऱ्या हातात," ती हळू म्हणाली. "उद्यापासून मी इथं बसते. मी बघते, तू ओरड. कोणाला कळायचं कारण नाही."

"मेलो तरी नाही."

"मेल्यावर कोण विचारतंय? जिवंतपणी सांग."

"केझाया, तू तुझं मीठ सांभाळ," तो म्हणाला. ती गेली. पास्टी गार होईपर्यंत तो मला मांडीवर घेऊन बसला होता. 

९ सप्टेंबरचा मंगळवार. पाळी आमची. वारा पश्चिमेचा, आकाशात तुटक ढग. हॅनिबल सकाळपासून उभाच होता. दुपारी बारानंतर त्याचा श्वास एकदम थांबला आणि त्याने मला उचलले. तो मोजू लागला. एक, दोन, तीन. आवाज घाईचा होता. वीस. तीस. त्याच्या मनात काय चालले होते ते मला त्या अंकांतून ऐकू येत होते. मागच्या वेळी दोनदा शंभर मोजले आणि थवा हातचा गेला. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

चाळिसाव्या अंकाला त्याने छाती भरून श्वास घेतला आणि माझ्यातून हाक गेली.

मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी हाक होती. खाली वल्ह्यांचा आवाज झाला. गावात दारे उघडली. भट्ट्या पेटल्या. दोन कोरड्या वर्षांनंतर लोकांनी ती आरोळी ऐकली होती, आणि ज्यांच्या डब्यात तळाला पीठ होते त्यांनी तेही काढले, असे मी नंतर ऐकले. मला बाकावर ठेवून हॅनिबलने गोळे घेतले. त्याच्या बाह्यांचा फडफडाट मला ऐकू येत होता. मग तो थांबला, म्हणजे दोन्ही हात डोक्यावर गेले होते. जाळ्याचे शिशाचे गोळे होडीच्या काठावरून एकामागून एक पाण्यात पडत गेले.

तेवढ्यात केझाया पायवाटेने वर आली. ती आधीच निघालेली होती, हाक तिने वाटेत ऐकली. या वेळी ती दारात थांबली नाही.

"काय बघून ओरडलास?"

"मासे."

"कुठेत?"

"जाळ्यात."

ती खिडकीशी गेली. "जाळ्यात ऊन आहे, हॅनिबल."

ढग सरकला होता. त्याची सावली जाळ्याच्या मधून निघून, किनारा ओलांडून, आता मेंढ्यांच्या कुरणावर गेली होती.

"खाली गेले असतील," हॅनिबल म्हणाला. "थवा बुडी मारतो कधी कधी."

हे खरे आहे. थवे बुडी मारतात, आणि ह्यूअरला कोणी त्याचा दोष देत नाही. मासे खाली गेले, असे म्हणायचे आणि जाळे ओढायचे. आमच्याकडची ती नेहमीची गोष्ट होती.  मग केझायाचा आवाज बदलला.

"हॅनिबल. पश्चिमेच्या खडकापाशी बघ. ते आलेत."

"कोण?"

"मासे. खरे. जांभळे. सरकत नाहीयेत, वळतायत."

"केवढा थवा?"

"आपल्या मंदिरामागची तीन शेतं धर."

 आमचे जाळे पाण्यात होते, तीन तासांसाठी. आमची पाळी संपली होती.

"पास्कोला खालून दिसणार नाही," हॅनिबल सावकाश म्हणाला. "पेनडोरवाल्यांना तर टेकाडच आडवं येतं."

"हो."

"म्हणजे तुला सोडून कोणालाच दिसत नाहीयेत."

"हो."

"मी म्हटलं मासे खाली गेले, तर ते खोटं म्हणणारं कोणी नाही."

"मी आहे की," केझाया म्हणाली.

आता दुसरी हाक गेली तर मासे पेनडोरला मिळणार होते, आणि सगळ्यांना कळणार होते की खरा थवा इथे होता आणि हॅनिबलने सावलीवर जाळे टाकायला लावले. ती गेली नाही तर मासे कोणालाच मिळणार नव्हते आणि हॅनिबल ह्यूअर राहणार होता. त्याने मला बाकावरून उचलले आणि छातीशी धरले. मी त्याचे श्वास मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.

"माझा दम संपला त्या हाकेत," तो म्हणाला. "घे."

बावीस वर्षांत प्रथमच दुसऱ्या कोणाचे ओठ मला लागले. केझायाला माझी सवय नव्हती. पहिला श्वास कडेवरून फुकट गेला. दुसरा नीट बसला. तिचा आवाज उंच होता आणि कापत होता, पण तो गेला. मी माझ्याकडून त्यातले काही सांडू दिले नाही.

"आता सांग," हॅनिबल म्हणाला. गोळे त्याच्या हातांत होते.

"होडी आली टेकाडाला वळसा घालून. त्यांना बाहेर ने. अजून. अजून. थांब, फार झालं. आत घे थोडी."

"डोकं कुठे आहे थव्याचं?"

"खडकाकडे. वळतंय. थांब. थांब रे, घाई नको."

"थांबलोय."

"आता."

बाह्या फडफडल्या आणि स्थिर झाल्या. हाकेपासून जाळे बंद होईपर्यंत एकोणीस मिनिटे गेली. पेनडोरला त्या दिवशी तीनशे शहाऐंशी पिपे मासे मिळाले. आमचे जाळे वर आले तेव्हा त्यात एकवीस बांगडे आणि एक खेकडा होता. परत जाताना पेनडोरच्या होडीतून कोणीतरी खालून ओरडले, "कर्नोकाका, आवाज बारीक झाला आज. सर्दी झाली का?" आणि होडीभर हशा झाला. संध्याकाळी मात्र त्यांनी आमच्या गावाला सहा टोपल्या मासे पाठवले. त्या वेळी घरोघरी ताटात केक गार झालेले होते.

त्यानंतरचे माझे आयुष्य थोडक्यात सांगता येईल. पोर्थटेगन लगेच रिकामे झाले नाही, हळूहळू झाले. त्याच आठवड्यापासून झोपडीत पास्कोचा चुलतभाऊ बसू लागला. केझायाला बसवावे असे कोणी म्हणाले नाही. तिनेही विचारले नाही. नवा ह्यूअर माझ्यातून जोरात ओरडे, पण ओरडण्याजोगे काही दरवर्षी कमीच होत गेले. १९०७ साली शेवटची हाक दिली गेली, तीही लहानशा थव्यावर. जाळे कुंपणांना बांधायला गेले, होडीत कोंबड्या बसू लागल्या, आणि मला खुंटीवर विसरले. तेव्हापासून येणारे लोक मला काढून बघतात आणि परत लावतात. एकाने मला दूध ओतायचे नरसाळे म्हटले. दुसऱ्याने माझ्यात तोंड घालून आपल्या कुत्र्याला हाक मारली. 'ह्यूअर' हा शब्द झोपडीबाहेरच्या पाटीवर आहे, पण तो वाचणारे एकमेकांना विचारतात, म्हणजे काय? मग कोणीतरी म्हणते, काहीतरी जुने असेल.

मला घासूनपुसून ठेवा, अशी विनंती मी करणार नाही, मित्रांनो. गंज हा पत्र्याचा धर्म आहे. माझी विनंती दुसरी आहे. तुमच्या भोवती अशी माणसे असतील ज्यांच्या नजरेवर, हातांवर किंवा कानांवर पुष्कळांचे चालते. त्यांची स्तुती करता तेव्हा त्यांना विचारतही जा, की अजून नीट दिसते ना? विचारताना चेष्टा करू नका. आणि ते नाही म्हणाले तर त्यांची जागा आधी जाणार नाही, काहीतरी दुसरी सोय होईल, असा भरवसा त्यांना द्या. हा भरवसा हॅनिबलला कोणी दिला नव्हता. मी एक पोकळ पत्रा. मी काय देणार होतो?

मात्र त्या मंगळवारनंतरचा बुधवार सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही.

सकाळ होती. वारा पडला होता आणि आकाश अगदी स्वच्छ होते, असे केझाया म्हणाली. ती हॅनिबलबरोबर वर आली होती. थोड्या वेळाने पास्को आला. तो दारात उभा राहून घसा खाकरत होता.

"दाजी, मी सगळ्यांना सांगितलंय," तो म्हणाला. "मासे खाली गेले. मग दुसरा थवा आला. कोणी काही बोलणार नाही."

"मासे खाली गेले नाहीत."

"मला माहितीये. तरी मी तसं सांगितलंय."

"तू चांगला आहेस, पास्को. तुझी बहीण तितकी चांगली नाही," हॅनिबल म्हणाला. केझाया नाकातून हसली. "तो पांढरा गोळा घे. इथून कुंपणापर्यंत सपाट गवत आहे. तीनशे पावलं भरतील. गोळा डोक्यावर धर आणि चालत जा. मी दाराशी उभा राहतो. कुंपणापर्यंत दिसला, तर मी हा हंगाम काढतो. नाही दिसला, तर आजच दुसरा माणूस बघ."

"दाजी, याची काय गरज आहे?"

"बूट काढून चाल."

"बूट कशाला?"

"माझे कान अजून चांगले आहेत. पावलांच्या आवाजावर मी तुला मंदिरापर्यंत बघेन."

"गवतात काटे आहेत."

"मग हळू चाल. ताई मोजेल."

पास्कोने एक बूट काढला, मग दुसरा. ते दोन्ही त्याने झोपडीत, माझ्या खुंटीखाली ठेवले. मग तो बाहेर गेला आणि त्याचा आवाज ऐकू येईनासा झाला. केझाया पुटपुटत मोजत होती. हॅनिबल दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

"दिसतोय," तो म्हणाला.

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "दिसतोय."

आणखी थोडा वेळ गेला. एक समुद्रपक्षी ओरडत कड्यावरून गेला. हॅनिबलने पुन्हा काहीतरी म्हणण्यासाठी श्वास घेतला. तो श्वास तसाच परत गेला.

"थांब, पास्को," केझाया म्हणाली.

तीनशेंपैकी एकेचाळीस पावले.